शालिकरामची पहिली काठी

मी शालिकरामची काठी बोलतेय. पहिली. दुसरी नंतर आली. ती बाभळीची आहे, भारी अबोल. तेव्हा जे सांगायचं ते मलाच सांगावं लागणार.

माझी जात बांबूची. पारशिवनीच्या पलीकडच्या बेटातून शालिकरामनं मला तोडलं ते बैल हाकायला. टोकाला खिळा ठोकून माझी तुतारी, म्हणजे बैलांची टोचणी, केली. तो एका मालकाकडे सालदार होता, वय सव्वीस, अंगानं धट्टाकट्टा. दोन वर्षं मी बैलांना टोचण्यापलीकडे काही केलं नाही. त्याची मला लाजही वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. धान करपलं. लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, तेवढी आली. ती मेली कशातही येते. सालदाराला मजुरी धान्यात मिळायची, ती त्या साली सगळी लाखोळीतच मिळाली. तुळसाबाई, म्हणजे शालिकरामची माय, सकाळी तिचीच भाकर थापायची, संध्याकाळी तिचंच वरण. चार महिने त्या घरात दुसरं काही शिजलं नाही.

मग एका सकाळी शेतात धुऱ्यावर, बांधावरच, शालिकरामच्या पोटऱ्या आखडल्या. आठवड्याभरात त्याच्या टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवर चालायचा, गुडघे एकमेकांवर घासायचे. गावात कोणी म्हणालं वात आहे, कोणी म्हणालं लेकाला सकाळीच चढलेली असते. त्यानं माझा खिळा उपटून टाकला आणि माझ्यावर भार दिला. माणूस केवढा जड असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मायलेक मोटारीनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरनं गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली तर पाय ताडकन उडाला. तळव्यावरून कापूस फिरवला आणि समजतं का विचारलं. सगळं समजत होतं. ऊन, थंडी, काटा, पायाला सगळं कळायचं. फक्त तो सांगितलेलं ऐकायचा नाही. मग डॉक्टरनं विचारलं, खातोस काय? लाखोळी म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवला.

त्यानं नीट समजावलं. या डाळीत एक विष असतं. कधीमधी खाल्ली तर काही बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने तीच पोटात गेली, की पाठीच्या कण्यातून पायांकडे हुकूम नेणाऱ्या नसा मरतात. त्या पुन्हा जगत नाहीत. औषध नाही. खाणं सोडलं तर आजार आहे तिथं थांबतो. नाही सोडलं तर एका काठीचा माणूस दोन काठ्यांवर येतो, आणि दोन काठ्यांचा रांगायला लागतो. डॉक्टर लोक हा आजार काठ्यांनीच मोजतात हे ऐकून मला कसंतरीच झालं.

"एका काठीवर आहेस," तो म्हणाला. "इथंच थांबायचं."

घरात दुसरं धान्य नसेलच, तर निदान डाळ गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, असं दोनतीनदा करा आणि मग शिजवा, असं त्यानं तुळसाबाईला बजावलं. डाळीतलं विष पाण्यात उतरतं म्हणाला. तिनं त्यातलं एवढंच धरलं, की डाळीत जे काही असतं ते पाण्यात उतरतं.

आता ही बाई कुठली पाणी फेकते! तिनं डाळ भिजवली, निथळली, निथळलेली डाळ स्वतः खाल्ली, आणि ते पिवळट पाणी मीठ घालून लेकाला पाजलं. सत्त्व याच्यातच रायते गा, पिऊन घे म्हणायची. चांगलं ते लेकाला, चोथा आपल्याला. मी भिंतीला टेकून रोज बघत होते. आपल्याला तोंड नाही याचं मला तेव्हा जेवढं वाईट वाटलं, तेवढं पुन्हा कशाचं वाटलं नाही.

चार महिन्यांत दुसरी काठी आली. तुळसाबाईचे पाय ठणठणीत होते.

पुढच्या खेपेला नागपुरात ती औषधाच्या खिडकीशी रांगेत असताना डॉक्टरनं शालिकरामला खोदून खोदून विचारलं. पाण्याचं ऐकून त्यानं चष्मा काढला, आणि त्या पाण्यानं काय केलं ते सांगितलं. शालिकरामनं आम्हा दोन्ही काठ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "तिले सांगू नका जी. मी पेणार नाही आता. पण तिले हे समजू नये."

तेव्हापासून तो गिलास घ्यायचा आणि परसात ओतायचा. आजार तिथंच थांबला. तुळसाबाईला वाटलं, पाण्यानंच थांबला.

वर्षभरानं शेजारची अंजनाबाई घाबऱ्याघाबऱ्या आली. तिच्या पोराच्या टाचा टेकत नव्हत्या. तुळसाबाईनं तिला धीर दिला आणि वर उपायही सांगितला. "डाळीचं पाणी फेकू नोको वं. त्याले पाज. माहा पोरगा त्याच पाण्यानं सावरला, नाही तं रांगला असता."

शालिकराम खाटेवर होता. मला वाटलं, हा गप्प बसेल. वर्षभर बसलाच होता. पण त्यानं आम्हा दोघींना ओढलं. त्याला उठायला वेळ लागतो. तोवर अंजनाबाई दारापर्यंत पोचली होती.

"फेकजा ते पाणी, काकू," तो म्हणाला. "मी तेच पेलो, म्हून दुसरी काठी आली."

अंजनाबाई एकदा त्याच्याकडे, एकदा तुळसाबाईकडे बघून निघून गेली. तुळसाबाई सुपातली डाळ निवडत होती, तिचा हात थांबला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "तुले केव्हापासून मालूम?"

"मागच्या सालच्या खेपेपासून. नागपूरले."

"आन तरी रोज गिलास घेत होता माह्या हातून?"

"घेत होतो, माय."

त्या दिवशी चूल पेटली नाही.

याला आता दहा वर्षं झाली. माझं बूड झिजून मी वीतभर आखूड झालेय, शालिकराम माझ्या बाजूला थोडा कलून चालतो. अंजनाबाईचा पोरगा एकाच काठीवर राहिला, कन्हानला चहाचं दुकान चालवतो.

तुम्हाला कोणी तरणाताठा माणूस चवड्यांवर चालताना दिसला, तर हसू नका. तो काय खातो ते विचारा. आणि त्याच्या मायपासून काही लपवू नका. शालिकरामनं मायेपोटीच लपवलं, पण ते पाणी दुसऱ्या घरात जायला निघालं होतं.