नदीत न ढकललेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो. माझं नाव घेताना लोकांचा आवाज आपोआप बारीक होतो. लोखंडी नळ्या वाकवणाऱ्या एका कारखान्यात माझा सांगाडा जुळला, त्यावर काळं रेक्झिन चढलं आणि दुकानाच्या काचेआड मी ऐटीत उभी राहिले. एवढी मोठी चाकं म्हणजे आपण शर्यतीच्याच असणार, असं मला वाटे.

मला घरी नेलं ते एका चित्रकार बाईंनी. त्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. सांध्यांच्या दुखण्यानं त्यांचे गुडघे कायमचे आखडले होते. माझ्या हातांवर आडवी फळी टाकून त्या रंगवायला बसत. निळा रंग माझ्यावर सांडला की म्हणत, "घे, तुलाही थोडं आभाळ."

त्यांची लेक तेव्हा लहान होती. तिनं एका गोष्टीत वाचलं, की जादूच्या झऱ्याचं पाणी पिऊन पांगळी राजकन्या धावू लागली. पण ते पाणी लागू पडतं फक्त निर्मळ मनाच्या माणसाला. लेकीनं मंत्र पुटपुटत पेला भरून आणला. तिच्या समाधानासाठी बाईंनी तो घटाघटा रिकामा केला. लेक वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तुझं मन निर्मळ नाही का गं?"

"माझं? ब्रश धुतलेल्या पाण्यासारखं आहे बाई, गढूळ!" बाई हसल्या. पण लेक खेळायला गेल्यावरही माझ्या हातावरची त्यांची पकड बराच वेळ सुटली नाही.

वर्षं गेली. लेक नोकरीला लागली. दुखणं बाईंच्या बोटांत उतरलं, मग फुप्फुसांत शिरलं. तशात एका नव्या पुस्तकाचं काम आलं. त्यातली राजकन्या शेवटी बरी होऊन आपली खुर्ची नदीत ढकलून देते. बाईंनी शेवटच्या चित्रात तिला खुर्चीवरच ठेवलं, डोक्यावर मुकुट घालून. प्रकाशक घाईघाईनं घरी आले.

"ताई, अहो, ती बरी होते शेवटी!"

"नाही झाली तर अडेल का? राक्षस तर तिनं बसूनच लोळवला."

"पोरांना आशा नको का?"

"कुठल्या पोरांना? चालणाऱ्या?"

प्रकाशक चष्मा पुसू लागले. माणूस वाईट नव्हता. "छपाई अडलीय, ताई. एवढी नदी काढून द्याच."

समोर पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही, ही बाईंची पद्धत. लेकीनं त्यांना उचलून पलंगावर टेकवलं आणि मला खिडकीपाशी उभं केलं. भर उजेडात, समोरून, रिकामं असं मला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या पाहत राहिल्या. पेन्सिल कागदाला टेकलीच नाही.

"ही बरी झाल्यावरची खोली नाही गं," त्या लेकीला म्हणाल्या. "ही मी गेल्यावरची खोली आहे. कळव त्यांना, नदी जमणार नाही म्हणावं."

लेकीनं मला पलंगाशी आणलं आणि आईला पुन्हा माझ्यावर बसवलं.

नदी दुसऱ्या कुणीतरी काढली. पुस्तक घरी आलं तेव्हा बाई नव्हत्या. लेकीनं शेवटचं पान पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. काही दिवसांनी तिनं मला पुसून मुलांच्या दवाखान्यात दिलं.

इथल्या कपाटातही तेच पुस्तक आहे. माझ्यावर बसून मुलं ते मांडीवर उघडतात. शेवटच्या पानाशी थांबतात. आधी माझ्या चाकांकडे बघतात, मग आपल्या पायांकडे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गोष्टी लिहाल. मला खुशाल नदीत ढकला, आगीत घाला. मी लोखंड, मला काय त्याचं! पण पुस्तक मिटल्यावरही जे मूल माझ्यावरच बसलेलं असणार आहे, त्याला गोष्टीबाहेर ढकलू नका. आणि माझ्या डाव्या चाकातली हवा गेली आहे. तेवढी कुणीतरी भरा. आज जे बसलं आहे, त्याला व्हरांड्यापर्यंत जायचं आहे.