एक हॉर्सपॉवरची पाटी

मित्रांनो, मी पोहण्याच्या तलावाचा एक जुना पंप. ॲरिझोनातल्या मेसा गावी, एका घराच्या परसात, भिंतीला टेकून पडलो आहे. वीज तोडल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. त्यामुळे सांगताना माझा आवाज चढणार नाही, सांभाळून घ्या.

मला व्हर्लिन स्ट्राउडने स्वतःच्या हातांनी बसवलं. माझ्या पाठीवर पत्र्याची पाटी आहे. वर ठळक लिहिलंय, एक हॉर्सपॉवर. खाली बारीक अक्षरांत दुसरा आकडा आहे, १.६५. म्हणजे वर लिहिलेल्या ताकदीच्या इतके पट भार माझी मोटर बिनबोभाट ओढते. खरी ताकद कळायला हवी तर दोन्हींचा गुणाकार करायचा. पण आमच्याकडे रविवारी परसात मांस भाजायला जमलेले बाप्ये फक्त वरचा आकडा सांगून छाती फुगवतात. शेजारचा ग्लेन ओबरमायर त्यांचा म्होरक्या.

"एकच? अरे, एवढ्यानं बादलीसुद्धा ढवळत नाही! माझा दीडचा आहे, दीडचा!"

व्हर्लिन नुसता हसायचा. कुंपणाजवळच्या पालो व्हर्डेच्या झाडाची पिवळी फुलं वसंतात पोत्यानं गळतात आणि पाण्याबरोबर वाहत माझ्या जाळीत येऊन बसतात. व्हर्लिन रोज संध्याकाळी माझं झाकण उघडून जाळी रिकामी करायचा. "दमलास का रे गड्या?" असं विचारायचा. तेवढंच आमचं बोलणं. मला ते फार आवडायचं.

मग एका वसंतात त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, लॉर्नाला, बजावलं, "रोज पाण्यात चालवा. नाहीतर पाय कायमचा गेला म्हणून समजा."

आणि नेमकं तेव्हाच तलावाचं पाणी हिरवं पडलं. माझी जाळी फुलांनी गच्च भरली होती. मी घरघरत होतो, पण पाणी येणार कुठून? लॉर्नाला जाळीचं ठाऊकच नव्हतं, ते काम व्हर्लिनचं.

ग्लेन धावत आला. "मी ओरडून सांगत होतो की नाही? एकचा पंप म्हणजे आजारी गाढव. दीडचा आण, लॉर्ना."

चाकांच्या खुर्चीतून व्हर्लिन डाव्या हाताने माझ्या झाकणाकडे बोट दाखवत राहिला. पुन्हा पुन्हा.

"हो रे बाबा, गंजलाय, दिसतंय मला," ग्लेन म्हणाला. माझे पाइप कापले गेले. कुणी झाकण उघडलं नाही.

नवा दीडचा आला. त्याच्या पाटीवरचा खालचा आकडा मी इथून वाचला, १.१. गुणाकार केला, १.६५. म्हणजे माझाच जुळा भाऊ! पण त्याची जाळी कोरी, म्हणून पाणी झरझर निवळलं. ग्लेन गल्लीभर कौतुक करून घेत फिरला. मग त्याही जाळीत फुलं बसली आणि पाणी पुन्हा हिरवं झालं.

"दोनचाच घ्यायला हवा होता," ग्लेन डोकं खाजवत म्हणाला.

लॉर्ना पायरीवर मटकन बसली. "याचा पाय हातचा चाललाय रे, ग्लेन. तुझे आकडे पुरे कर आता." ती रडत होती.

तेव्हा व्हर्लिनने एका हाताने खुर्ची रेटली, नव्या पंपाचं बटण बंद केलं आणि त्याच्या झाकणावर थाड थाड हात आपटला. लॉर्ना डोळे पुसत गुडघ्यांवर बसली. तिने झाकण फिरवून काढलं. आतून कुजक्या फुलांचा काळा लगदा ओंजळी ओंजळीने निघाला. मग व्हर्लिनने आधी नव्या पाटीकडे आणि मग माझ्या पाटीकडे बोट केलं. ग्लेनने उकिडवं बसून दोन्ही पाट्यांवरच्या वरखालच्या आकड्यांचा गुणाकार केला.

"अरे देवा. दोघं सारखेच की!"

व्हर्लिन अर्ध्या तोंडाने हसला.

आता पाणी निवळलंय. लॉर्नाच्या खांद्याला धरून तो पाण्यात चालतो, पाय थोडा उचलतोही. संध्याकाळी ती जाळी रिकामी करते आणि नव्याला विचारते, "दमलास का रे गड्या?" मला ते ऐकू येतं.

मित्रांनो, कुणी मंदावला तर त्याचा आकडा काढण्याआधी झाकण उघडून बघा, एवढंच मागणं आहे. माझं झाकण अजून कुणी उघडलेलं नाही. त्या वसंतातली फुलं अजून माझ्या आतच आहेत.