केस संपले, गोष्ट संपेना

मी सलूनमधली फिरती खुर्ची बोलतेय. फिरती आपली नावाला हो. खरे फिरतात ते आमच्या काकांचे विषय.

कारखान्यात घडले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या साहेबाच्या केबिनमध्ये मिरवेन. नशिबी आले हे कात्रीवाले काका. माणूस लाखात एक, पण विषयाला धरून बोलेल तर शपथ! गिऱ्हाइकाने "आज ऊन फार" म्हणावं, की काका उन्हावरून छत्रीवर, छत्रीवरून हरवलेल्या चपलांवर आणि तिथून थेट मेहुण्याच्या लग्नात. त्यात जीभ चालली की कात्रीही चालते. "थोडेसेच कमी करा" म्हणणारे डोकं चोळत घरी गेलेत.

काकांची एकुलती एक लेक दुपारी डबा घेऊन यायची. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने तिला पाहिलं, आणि त्याचे केस भराभर वाढायला लागले! सारखा आपला येऊन बसायचा, माझे हात घट्ट धरून.

"काका, तुमच्या मुलीबद्दल जरा..."

"तिचं काय सांगू! लहानपणी एकदा गाढवावर बसली. गाढवावरून आठवलं, आमचा मेहुणा..."

झुलपं गेली, कल्ले गेले, मिशीसुद्धा गेली. शेवटी बिचाऱ्याचा चकोट झाला, तरी मेहुण्याची वरात काही निघेना. लेक दाराशी रडवेली उभी. "आज विचारलं नाहीस तर पुन्हा येऊ नकोस," असं तिने त्याला माझ्यासमोरच बजावलं होतं.

मला काही राहवेना. काकांनी वस्तरा पुसायला घेतला, तेवढ्यात मी माझी जुनी कळ सोडून दिली. वायरमनसकट धाडकन खाली! काकांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"आम्हाला लग्न करायचंय!" तो खालूनच ओरडला.

काकांनी वस्तरा खाली ठेवला.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं रे," ते म्हणाले. "पण तू विचारलंस की मला हो म्हणावं लागणार, आणि हो म्हटलं की ही जाणार. म्हटलं, आपण बोलतच राहावं."

"अहो बाबा!" म्हणत लेक त्यांच्या गळ्यात पडली. मला तर हसावं की रडावं तेच कळेना.

लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर एक केस नव्हता.

आता दुपारी काका स्वतःच माझ्यावर बसतात, दाराकडे तोंड करून. माझी कळ अजून बिघडलेलीच आहे. तेव्हा या ना एकदा. बसा, मेहुण्याचं पुढे काय झालं ते विचारा. डोक्यावरचे जातील थोडे, पण केस काय हो, परत येतात.