भावाच्या वाट्याची स्मूदी

ताहिराच्या जिभेला हाड नाही, हे मोहल्ल्यात कुणालाही विचारा, सांगतील. पण ती जीभ एवढी तिखट केली कुणी, हे कुणी विचारत नाही. अहो, तिच्या नवऱ्यानं केली, अमजदभाईंनी! त्या माणसाला अख्ख्या जन्मात कुणाला 'नको' म्हणता आलं नाही. उरण नाक्याजवळ त्यांचं रंगाचं दुकान होतं. अर्धा वापरलेला डबा गिऱ्हाईक परत घेऊन आलं की हे गोड हसायचे आणि म्हणायचे, "माझी काही ना नाही हो, पण घरी ताहिराला विचारावं लागेल." कुणी स्कूटर मागितली, तरी तेच, ताहिराला विचारतो. मग 'नाही' कुणी म्हणायचं? ताहिरानं.

एकदा तर एकाच दुपारी तीन घरच्या दावती कबूल करून बसले. तिन्हीकडे जेवले आणि संध्याकाळी पोट धरून लोळत होते. तरी लोक काय म्हणाले? बिचारा अमजदभाई, किती मन राखतो सगळ्यांचं! आणि बायको? तोबा तोबा, तिच्या दारात कुणी उभं राहावं?

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. इथे तर ती भीड किडनीपर्यंत पोचली. अमजदभाईंच्या किडन्या थकल्या. डॉक्टरनी ताहिराला समोर बसवून सांगितलं, केळी बंद, खजूर बंद, पालक बंद, आणि शहाळ्याला तर हातही लावायचा नाही. दुसऱ्यांना ताकद देतं तेच यांना विष. त्यातलं पोटॅशियम यांच्या शरीरातून बाहेर पडत नाही, साचतं, आणि एक दिवस हृदय बंद पाडतं. ताहिरानं प्रत्येक शब्द गाठीला बांधला. अमजदभाईंनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते हुशारच.

आता आजाऱ्याला बघायला जायचं, तर रिकाम्या हातानं कसं जायचं? मोहल्ला लोटला. आणि काय आणलं लोकांनी? शहाळी, केळ्यांच्या फण्या, खजुराचे डबे! नेमकं तेच, जसं काही डॉक्टरची यादी वाचूनच निघाले होते. ताहिरा दारातच सांगायची, "हे चालत नाही यांना, डॉक्टरनी बंद केलंय." माणसांची तोंडं उतरायची. शहाळ्यानं कधी कुणी मेलंय का, असं एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली. आणि आतून पलंगावरून अमजदभाईंचा आवाज यायचा, "राहू दे गं, प्रेमानं आणलंय." ताहिराला वाटायचं, उचलावं एक शहाळं आणि घालावं याच्याच डोक्यात. सगळी फळं ती वरच्या मजल्यावर तिच्याकडे सकाळी कुराणाचा सिपारा शिकायला येणाऱ्या मुलींना वाटून टाकायची. अन्न फेकायचं नाही, तेवढं तिला कळत होतं.

एवढी सगळ्यांशी वाईट झाली, एवढं पथ्य सांभाळलं, तरी एका सकाळी अमजदभाईंच्या पायातलं बळच गेलं. न्हाणीघराच्या दारात बसले ते उठेनात. हॉस्पिटलात नेलं तर पोटॅशियम चढलेलं. तातडीनं डायलिसिस करावं लागलं. डॉक्टर ताहिरावर खेकसले, तेही नर्ससमोर, शेजारच्या पेशंटसमोर.

"बाई, घरात पथ्य पाळायचं नसेल तर इथे आणता कशाला? सकाळी काय देता यांना?"

"दोन घावन आणि बिनदुधाचा चहा."

"घावन खाऊन एवढं चढत नाही."

ताहिरानं नवऱ्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच चूक दिसते. मिठात काही असेल का, भाजी उकळून तिचं पाणी नीट टाकून दिलं नाही का, असं तिनं स्वतःला किती दिवस कुरतडलं.

त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी यूम्ना आली. यूम्ना म्हणजे खैरूबुबूंची सून. खैरूबुबू ही अमजदभाईंची मोठी बहीण, गल्लीत समोरच घर. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनं धाकट्या भावाला स्वतःच्या हातानं भरवून वाढवलं, हे पनवेलमध्ये ज्याला माहीत नाही तो परगावचा. यूम्ना गुणी पोरगी. शाळेत शिकवते, सातच्या आत घराबाहेर. तिचा नवरा अबरार तळोज्याला पहिल्या पाळीला. मुलांची व्हॅन त्याच वेळी हॉर्न मारते.

"मामी, मामूंचा ग्लास उद्यापासून जरा पातळ करू का?" यूम्नानं विचारलं. "आजारातून उठलेत, घट्ट जड पडेल."

"कसला ग्लास?"

"स्मूदीचा! बुबू रोज घेऊन येतात ना." यूम्नाचा चेहरा खुलला. "आमच्याकडे सकाळी पोळ्या लाटायला कुणाला वेळ आहे? रात्री ओट्स भिजत घालते. सकाळी मिक्सरमध्ये ओट्स, केळी, चार-पाच खजूर, बदाम, मूठभर पालक, आणि दुधाच्या जागी नारळपाणी. फिरवलं की झालं. मुलं पालक असा खात नाहीत, पण यात कळतही नाही त्यांना. एक ग्लास प्यायलं की दुपारपर्यंत भूक लागत नाही. बुबू म्हणाल्या, एवढं पौष्टिक करतेस तर माझ्या भावाच्या वाट्याचंही कर."

केळी. खजूर. पालक. नारळपाणी. ताहिरासमोर डॉक्टरची अख्खी यादी एका ग्लासात उभी राहिली.

"मी तुझ्या सासूला दारात सांगितलं होतं, नारळपाणी बंद आहे म्हणून," ती कशीबशी म्हणाली.

"हो, बुबूंनी विचारलं ना मामूंना. मामू म्हणाले, डॉक्टर तसं काही बोलले नाहीत, ताहिराचा स्वभावच घाबरट आहे. ती वर शिकवायला गेली की तू ये, उगीच कटकट नको. आता इतके दिवस झाले, मला वाटलं तुम्हाला कळलंच असेल." यूम्ना हे हसत सांगत होती आणि मधेच तिचं हसू थांबलं. "मामी, काही चुकलं का?"

पोरीची काय चूक? ताहिरानं स्वतःला आवरलं. "तुझं काही चुकलं नाही. बुबूंना काही बोलू नकोस, उद्या सकाळीही ग्लास घेऊन येऊ देत. नेहमीसारखाच."

यूम्ना गेली आणि ताहिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आत गेली. अमजदभाई उशीला टेकून बसले होते, आणि तिचा चेहरा पाहताच त्यांनी लगेच जपाची तसबीह हातात घेतली.

"ठेवा ती खाली! अल्लाहला मधे घेऊ नका. मी घाबरट?"

"ताहिरा, ऐक तरी..."

"डॉक्टर काही बोलले नाहीत? माझ्या शेजारी खुर्चीवर कोण बसलं होतं, तुमचं भूत? मी दारात उभी राहून वाईट होतेय, लोकांची शहाळी पोरींना वाटून टाकतेय, आणि तुम्ही माझ्याच पाठीमागे मला खोटं पाडताय? डॉक्टरनी माझा पाणउतारा केला तेव्हा छताला काय लिहिलं होतं हो? तेव्हा तरी तोंड उघडायचं!"

"बुबूचं मन मोडवेना गं. तिच्या हातचं जेवून मोठा झालो. ती हॉस्पिटलात रडत आली, तिला कसं सांगू की तुझ्याच ग्लासानं झालं? मी म्हटलं, अशक्तपणा आलाय."

"अशक्तपणा!" ताहिरानं कपाळावर हात मारला. "मग ती बिचारी काय करणार? ग्लास आणखी घट्ट करणार! असंच भिडेभिडे पोट वाढतं, मियाँ, आणि तुमच्या बाबतीत तर जनाजाच उठेल. माझा विचार केलात कधी? बुबूचं मन आहे, गिऱ्हाइकाचं मन आहे, दावत देणाऱ्याचं मन आहे. माझं काय आहे? दाराची कडी? तुम्ही सगळ्यांना उघडे आणि लावून घ्यायचं मी?"

अपराधी, गोड, दुःखी चेहरा. त्या चेहऱ्यावर गेली तीस वर्षं ती विरघळत आली होती. या वेळी नाही विरघळली.

"उद्या बुबू येतील. मी इथेच बसणार आहे, आणि तोंडात मिठाची गुळणी धरणार आहे. नाही म्हणायचं तर तुम्ही म्हणा. नसेल म्हणायचं तर प्या आणि मरा."

हे शेवटचं बोलताना तिचा आवाज फाटला, पण शब्द तिनं परत घेतला नाही.

सकाळी तिनं सिपाऱ्याच्या मुलींना सुट्टी दिली आणि पलंगासमोर खुर्ची टाकून बसली. खैरूबुबू आल्या. डोक्यावर ओढणी, हातात झाकण घातलेला स्टीलचा मोठा ग्लास. ताहिराला बघून दारातच थबकल्या. सत्तरी गाठलेली बाई, पण चोरी पकडल्यासारखी.

"तू वर गेली नाहीस?"

"नाही. या ना बुबू, बसा." एवढं बोलून ताहिरानं ओठ मिटले.

बुबू थोड्या घुश्शातच पलंगावर बसल्या. "हे बघ, तू रागाव नाहीतर काही कर. भाऊ आहे माझा. सुकलाय नुसता. यूम्नाला म्हटलं आज दोन खजूर जास्त घाल. घे अमजद, घोट घोट घे."

त्यांनी झाकण काढलं. हिरवट, घट्ट, केळ्याचा गोड वास खोलीभर झाला. अमजदभाईंनी ग्लास हातात घेतला आणि ताहिराकडे पाहिलं. नेहमीचीच नजर ती. बोल ना, तूच बोल, तुला जमतं.

ताहिरा बोलली नाही. खुर्चीचे हात तिनं घट्ट धरले होते. खरं सांगायचं तर तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता. त्यांनी ग्लास तोंडाला लावला तर ती झेप घेणार होती, आणि झेप घेतली की पुन्हा तेच, पुन्हा तीच वाईट. या अल्लाह, याला एकदा, एकदाच जीभ दे, असं ती मनात म्हणत होती आणि बाहेरून दगडासारखी बसली होती.

"बघतोस काय? घे," बुबू म्हणाल्या.

अमजदभाईंनी ग्लास वर नेला. ओठांपाशी नेला. ताहिरा अर्धी उठली.

"बुबू," ते म्हणाले. ग्लास त्यांनी खाली घेतला. "मला नको."

"गोड झालंय का जास्त?"

"नाही. मला चालत नाही हे. कधीच चालत नव्हतं. केळी, खजूर, नारळपाणी, सगळं डॉक्टरनी बंद केलंय. ताहिरा खरं बोलत होती, मीच खोटं बोललो. हॉस्पिटलात गेलो तोही यानंच."

खैरूबुबूंना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. त्यांनी ग्लास भावाच्या हातातून काढून घेतला आणि लांब ठेवला.

"आणि तू पीत होतास? रोज? माझ्यासमोर, हसत हसत?"

"तुझं मन मोडवत नव्हतं, बुबू."

फाडकन आवाज झाला. बुबूंनी त्यांच्या दंडावर चापट मारली होती, साठीच्या भावाला, जशी लहानपणी मारत असतील तशी.

"माझं मन? मेला असतास म्हणजे माझं मन राहिलं असतं? माझ्या हातानं विष घेत होतास आणि मला वाटत होतं मी भावाला जगवतेय! कयामतीच्या दिवशी अम्मीला काय तोंड दाखवलं असतं मी? सांग! लाज नाही वाटली? थू तुझ्या त्या भिडेवर!" त्या रडत होत्या आणि रडता रडता दुसरी चापट मारत होत्या. "मी या पोरीला गल्लीभर नावं ठेवली. म्हटलं, कंजूस आहे, भावाच्या तोंडचा घास काढते. आणि तू ऐकून घेत होतास? बोलत का नाहीस? आता पण मुकाच?"

ताहिरा खुर्चीत परत बसली. जे ती एकटी आयुष्यभर ओरडत आली, ते आज दुसरं कुणीतरी ओरडत होतं, आणि त्याच माणसावर. तिला बरं वाटायला हवं होतं. पण राग तसाच होता, उलट आता तो बाहेर यायला धडपडत होता.

बुबूंनी ओढणीनं डोळे पुसले. "माफी माग," त्या भावाला म्हणाल्या. "माझी नको. तिची माग. आत्ता, माझ्यासमोर."

अमजदभाईंनी लगेच हात जोडले. क्षणाचाही उशीर नाही. "ताहिरा, माफ कर मला. चुकलो."

ताहिरानं त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली.

"अगं, मागतोय ना तो," बुबू म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत म्हणून मागताहेत, बुबू. तुम्ही ग्लास दिलात, यांनी घेतला. तुम्ही म्हणालात माफी माग, यांनी मागितली. यात यांचं काय आहे?" ती उठली आणि नवऱ्याकडे वळली. "मला ही माफी नको. तुमची तुम्हाला वाटेल ना, कुणी सांगितल्याशिवाय, तेव्हा घेऊन या. मी इथेच आहे. तीस वर्षं इथेच होते."

खैरूबुबूंनी भावाकडे पाहिलं, मग भावजयीकडे. त्यांनी तिची समजूत काढली नाही. ग्लास उचलला, झाकण लावलं आणि त्या निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बरोबर बोलते ती."

अमजदभाईंचे हात अजून जोडलेलेच होते. खाली घ्यायचे की तसेच ठेवायचे, हे आता त्यांना कुणी सांगत नव्हतं.