कॉइलची ऊब

बिट्टीने पहिल्यांदा त्या शेपट्या पाहिल्या तेव्हा तिला आनंद झाला, हे खरं. ती पेशींच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. विजेच्या तारा, मोटारी, घरातली यंत्रं यांच्याभोवती जे संथ लयीचं चुंबकीय क्षेत्र असतं, त्याने पेशींमधल्या डीएनएला इजा होते का, हा तिचा विषय. पेशींची बशी तांब्याची तार गुंडाळलेल्या दोन कॉइलच्या मधोमध ठेवायची, सगळं उबदार कपाटात बंद करायचं आणि दिवसभर कॉइलमधून वीज सोडायची. मग त्या पेशी काचपट्टीवर घेऊन डीएनएला विजेचा हलका ओढा द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. धड डीएनए गोळ्यासारखा जागच्या जागी राहतो. तुटलेला असला तर त्याला मागे शेपटी फुटते.

त्या दिवशी कॉइलमधल्या पेशींना चांगल्या लांब शेपट्या होत्या. शेजारच्या कपाटातल्या, कॉइल नसलेल्या पेशींना जवळजवळ नव्हत्याच.

"बाजी मारलीस!" सर म्हणाले. प्रयोगशाळा त्यांची होती आणि असं काहीतरी हाती लागावं म्हणून ते कधीचे वाट बघत होते. "परिषदेत हेच मांडू."

बिट्टीने आनंदाच्या भरात आईला फोन केला. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असूनही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईचा फोन. ताईचं शिलाईचं वर्कशॉप होतं. लांबट खोलीत ओळीने मोटारवाल्या मशिनी, त्यांवर शिवणाऱ्या बायका आणि स्वतः ताई. लग्नानंतर खूप वर्षांनी तिला दिवस गेले होते.

"मशिनच्या मोटारीतही तेच असतं ना गं, चुंबक का काय?" ताईचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "ती मोटार माझ्या गुडघ्याला खेटून असते. दिवसभर. मी मशिन बंद केलीय. बायकाही बसायला तयार नाहीत."

"ताई, बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणूस वेगळं. शिवाय माझा प्रयोग अजून कच्चा आहे."

"कच्चा होता तर आईला कशाला सांगितलास?"

फोन ठेवताना बिट्टीने ठरवलं, शेपट्या खरंच क्षेत्रामुळे आल्या का ते आधी तपासायचं.

बिट्टी प्रयोगशाळेत आली ती सरळ कपाटापाशी गेली. कपाटाचा काटा अगदी बरोबर तापमान दाखवत होता. तिने दार उघडलं, वीज बंद केली आणि कॉइलवर हात ठेवला. नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरसारखी ऊब होती. काटा कपाटाच्या कोपऱ्यातलं तापमान मोजत होता आणि पेशी होत्या दोन गरम कॉइलच्या मधे! तिने केसाएवढ्या तारेचा तापमापक थेट बशीत सोडला आणि पुन्हा वीज लावली. बशी कपाटापेक्षा दोन अंशांहून जास्त तापली.

ती सरांकडे गेली. "सर, परिषदेचं थांबवा. शेपट्या क्षेत्रामुळे आल्या की उष्णतेमुळे, ते मला सांगता येत नाही. पण शोधता येईल."

सरांचा चेहरा पडला. "मी दोघा-तिघांना सांगून बसलोय."

"मग आत्ताच सांगा की काम चालू आहे. नंतर सांगण्यापेक्षा बरं."

तिचा सूर इतका ठाम होता की सर हसले. "काय करणार आहेस?"

तिने नव्या कॉइल केल्या. प्रत्येक कॉइलमध्ये दोन तारा शेजारी शेजारी गुंडाळल्या. दोन्हींतून वीज एकाच दिशेने सोडली की क्षेत्र तयार होतं. उलटसुलट सोडली की दोन्हींची क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात, ऊब मात्र तेवढीच राहते. काचपट्ट्यांवर कुठल्या पेशी आहेत हे शेपट्या मोजताना तिला स्वतःलाही कळू नये म्हणून त्यांवरच्या खुणा शेजारच्या टेबलावरच्या मित्राला बदलायला लावल्या.

क्षेत्र नसलेल्या, नुसत्या उबेतल्या पेशींनाही तितक्याच लांब शेपट्या आल्या. मग तिने कॉइलभोवती गार पाणी खेळवलं, क्षेत्र मात्र पूर्ण ठेवलं. शेपट्या गेल्या. तिने पुन्हा केलं, वेगळ्या पेशी घेऊन केलं. उत्तर तेच.

मग ती क्षेत्र मोजायचं यंत्र घेऊन वर्कशॉपमध्ये गेली. सगळ्या बायका गोळा झाल्या. तिने झालं ते सगळं सांगितलं, स्वतःच्या घाईसकट.

"काल एक म्हणालीस, आज एक," ताई म्हणाली. "उद्या काय?"

"उद्या नवीन कळलं तर नवीन सांगेन. माझ्या पेशी तापल्या म्हणून तुटल्या, चुंबकामुळे नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. साऱ्या जगातल्या पेशींची हमी मी देत नाही."

"म्हणजे मशिनवर बसू की नको?"

"मी असते तर बसले असते. आणि तुला जिवाला घोर नको असेल तर मोटार लांब सरकवू. हे बघ." तिने मोटार चालू केली आणि तिला टेकवलेलं यंत्र हळूहळू मागे घेतलं. आकडा भराभर उतरला. हातभर अंतरावर जवळजवळ काहीच उरलं नाही.

भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, मोटार आणि मशिन जोडणारे लांब पट्टे आणले आणि सगळ्या मोटारी टेबलांच्या पार मागच्या टोकाला बसवल्या. पहिल्या दिवशी पट्टे सारखे निसटत होते आणि बायका भावजींच्या नावाने खडे फोडत होत्या. दोन-चार दिवसांत घरघर पूर्ववत झाली. ताईचा रुसवा मात्र मुलगी होईपर्यंत टिकला. बाळ पाहायला आलेल्या बिट्टीच्या मांडीवर तिने ते स्वतःहून ठेवलं.

बिट्टीचा शोधनिबंध छापून आला तो 'परिणाम आढळला नाही' असा. फार कोणी वाचला नाही. सर म्हणाले, "मग हा विषय बंद करायचा?"

"छे! धडधाकट पेशींना काही झालं नाही, एवढंच कळलंय," बिट्टी म्हणाली. "आधीच दुखावलेल्या पेशींचं काय? त्या स्वतःला सांधत असताना क्षेत्र आड येतं का?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "कॉइल गार राहतील ना?"

"राहतील," ती म्हणाली, आणि नव्या बशा मांडायला घेतल्या.