माझा अंगठा आणि पाण्यासारखं तेल

माझ्या सख्ख्या बहिणीच्या धडधाकट गाडीचं पोट माझ्या हातांनी फाडायला तुम्ही लावलंत. होय, तुम्हीच. काचेच्या इमारतीत बसून गाड्या बनवणारे आणि गाडीबरोबर तीनशे पानांचं पुस्तक हातात ठेवणारे तुम्ही.

आधी मी कोण ते सांगतो. माझं गॅरेज एकतीस वर्षांचं आहे. शाळा मी नववीत सोडली, इंजिन मात्र एकही अर्ध्यात सोडलं नाही. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, थेंब अंगठ्याने चोळायचा, की इंजिनाचं दुखणं मला कळतं. गिऱ्हाईकं मला अंगठेमास्तर म्हणतात. ताई सोडून. ताई मला शहाण्या म्हणते, आणि तेही कौतुकाने नाही.

ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवते. गाडी एकच, आठ महिन्यांपूर्वी घेतलेली, शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा क्लच-ब्रेक बसवलेली. सोमवारी एका शिकाऊ काकांनी ती फुटपाथवर चढवली, म्हणून खालून बघायला ताईने माझ्याकडे आणली. खाली साधा ओरखडा नव्हता. मी आपली सवयीने पट्टी काढली, थेंब चोळला. ते तेल नव्हतंच. पाणी होतं. बोटावर टिकेचना.

इतकं पातळ तेल मी आजवर एकाच कारणाने पाहिलंय: पेट्रोल गळून तेलात मिसळलं की. वास घेतला. पेट्रोलचाच वास आला. (गॅरेजात माझ्या जेवणाच्या डब्यालाही पेट्रोलचाच वास येतो, पण हे मला नंतर सुचलं.)

"ताई, इंजिन उघडावं लागणार."

"आठ महिन्यांत?"

"कंपनीने गळकं इंजिन तुझ्या गळ्यात मारलंय."

दोन दिवस खपलो. तेल काढून टाकलं, इंजेक्टर काढले, प्लग काढले, खालचं तेलाचं चेंबर उतरवलं. गळती कुठेच नाही. आतला एकेक भाग घासलेल्या भांड्यासारखा लखलखत होता. बुधवारी ताई आली. तेल भरायच्या तोंडाचं झाकण मी बाकड्यावर पालथं टाकलं होतं. ते तिने उचललं, उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "शून्य डब्ल्यू आठ. हे काय रे?"

"तेलाचा आकडा. जितका लहान, तितकं तेल पातळ."

"म्हणजे ह्या गाडीचं तेल असतंच पातळ?"

"तसं दिसतंय."

"आणि पेट्रोल मिसळलं असतं तर पट्टीवर तेल वाढलं असतं ना? वाढलं होतं?"

"नव्हतं."

"अरे शहाण्या, मग पट्टी काढलीस कशाला? अंगठाच बुडवायचास!"

हात दाखवून अवलक्षण. कबूल. माझी चूक मी पदरात घेतो. तुमची पुढे आहे.

इंजिन परत जोडलं. आता तेल कुठलं घालायचं? मी म्हणालो, जाड. तुमचं पातळ तेल ढकलायला इंजिनाला जोर कमी लागतो, पेट्रोल वाचतं, मान्य. पण ताईची गाडी धावते कुठे? ती पहिल्या गिअरमध्ये रखडते. अर्धा क्लच, दोन हिसके, बंद. पुन्हा चालू, पुन्हा हिसके. उन्हात, दिवसाचे नऊ तास. तिथे हा पाण्याचा थर किती टिकणार?

"आठ महिने टिकला की," ताई म्हणाली. "तूच म्हणालास ना, लखलखतंय म्हणून?"

"बाळ गुटगुटीत आहे म्हणून ते नव्वदी गाठेल असं थोडंच आहे?"

"आणि दुसरं तेल घातलं तर हमी जाते, त्याचं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचं पुस्तक उघडलं. पान दोनशे अठरा, तळाला, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं: 'वापर कष्टाचा असल्यास जाड तेल चालेल. अधिकृत सेवा केंद्राला विचारावे.' कष्टाचा म्हणजे कसा, ते तीनशे पानांत कुठेही नाही.

सेवा केंद्रातले साहेब म्हणाले, हेल्पलाइनला विचारा. हेल्पलाइनवरची बाई गोड बोलली. "सर, पुस्तकात बघा."

"पुस्तक म्हणतं, सेवा केंद्राला विचारा."

"मग सेवा केंद्राला विचारा, सर."

"ते म्हणतात, तुम्हाला विचारा! बाई, एकच सांगा. शिकाऊ माणूस दिवसभर अर्ध्या क्लचवर गाडी रखडवतो, हा वापर कष्टाचा की सुखाचा?"

"सर, आपलं समाधान झालं असल्यास एक दाबा."

ताईने फोन हिसकावून घेतला, नाहीतर मी दुसरंच काहीतरी दाबलं असतं.

तेव्हापासून गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर तेलाविना कोरडी उभी आहे. बॉनेटवर दोन डबे, एक पातळ तेलाचा, एक जाड. पातळ घातलं आणि हमी संपल्यावर इंजिन झिजलं, तर तुम्ही म्हणणार, वापर कष्टाचा होता, जाड का नाही घातलंत? जाड घातलं तर आजच म्हणणार, हमी गेली. कसंही करा, हात झटकून मोकळे तुम्हीच. एरवी मीच निकाल दिला असता. पण त्या लखलखत्या इंजिनाने माझ्या अंगठ्याच्या सणसणीत कानफटात मारलीय. मला माहीत नाही, आणि तसं मी लिहून देतोय. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लिहून देत नाही.

शिकाऊ मंडळींची परीक्षा येत्या सोमवारी आहे. ती काही तेलासाठी थांबत नाही. म्हणून ताईने शिकवणी माझ्या गाडीवर सुरू केलीय. माझी गाडी सव्वीस वर्षांची, मधासारखं दाट तेल पिऊन वाढलेली. बायकोलाही मी तिचं स्टिअरिंग कधी धरू दिलं नाही. ह्या गाडीला शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक नाही, त्यामुळे ताईच्या हुकमाने मी शेजारी बसतो, हँडब्रेकला लटकून. आज सकाळी त्याच काकांनी ती माझ्याच गॅरेजच्या शटरमध्ये घातली.

"काका, ब्रेक! ब्रेक!"

शटर वाकल्यावर ते शांतपणे माझ्याकडे वळले. "घाबरू नका, मास्तर. ताई म्हणाल्या, तुमची गाडी जाड तेलाची आहे, तिला काही होत नाही."

आत्ता ताई नरसाळं हातात घेऊन खड्ड्यापाशी उभी आहे. "बोल शहाण्या, कुठला डबा?" मी म्हणालो, थांब, ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनाच विचारतो. म्हणून विचारतोय. केंद्र नको, हेल्पलाइन नको, एक दाबा नको. ताईच्या गाडीचा वापर कष्टाचा आहे का? हो की नाही, तेवढंच लिहा आणि खाली सही करा. काकांचा पुढचा तास उद्या सकाळी सातला आहे. त्याच्या आत उत्तर देणार का?