माझ्या आतलं बोट

मी बोलतेय, विकेटकीपरच्या ग्लोव्हजची जोडी. जोडी म्हटली की बाईमाणूस, म्हणून बोलतेय म्हणते. आमच्यातली डावी तशी अबोलच. सांगण्यासारखं जे आहे ते उजवीपाशी. कात्री तिलाच लागली.

कारखान्यात एका बाईनं मला शिवलं. शेवटचा टाका घातला, हात आत घालून बोटं हलवून पाहिली आणि म्हणाली, "हं, जा आता." एवढंच माझं माहेर. मग क्रिकेटनं वेड्या झालेल्या एका मोठ्या देशात कुणा पुरुषानं मला दोन-तीन मोसम घातलं आणि कंटाळा आल्यावर मदतीच्या खोक्यात टाकलं. माझ्या सोबतीला पट्टा तुटलेलं पॅड होतं. माणसं दान करतात ती अशीच. नको ते देतात आणि फोटो मात्र हसून काढतात.

ते खोकं ज्या देशात उघडलं तिथं क्रिकेट म्हणजे काय, असं रस्त्यावर विचारलंत तर लोक तुम्हालाच वाट चुकलात का म्हणून विचारतील. पण देशाचा बायकांचा संघ होता. होता म्हणजे काय, त्यातल्या तिघी एकाच घरातल्या होत्या! कप्तान शाळेत खेळ शिकवायची. तिची थोरली भावजय विकेटमागे, धाकटी भावजय स्लिपमध्ये. नणंद आणि दोन जावा. प्रशिक्षक म्हणायचा, "यांची मीटिंग स्वयंपाकघरात होते, मला नुसता निरोप येतो."

मी थोरलीच्या वाट्याला आले. ती केस कापायच्या दुकानात काम करायची. हात चपळ, पण बोटं आखूड. आणि मी पुरुषी मापाची. तिनं घरातल्या जुन्या चादरीच्या चिंध्या फाडल्या आणि माझ्या एकेका बोटाच्या टोकाला कोंबल्या. "आता बसलीस बघ," म्हणाली. बसले कसली, ढगळच होते. पण तिच्या हातात मी इतकी वर्षं राहिले की त्या चिंध्याही मला माझ्याच वाटायला लागल्या.

मग ती स्पर्धा आली. सगळ्यांत खालच्या गटाची. नवखे, धडपडे देश, कुणाचे कपडे सैल, कुणाच्या टोप्या वेगवेगळ्या रंगांच्या. पण राष्ट्रगीत लागलं की सगळ्यांचे डोळे सारखेच भरायचे. पहिले दोन संघ वरच्या गटात जाणार, बाकीचे आहेत तिथंच, आणि पुढची संधी दोन वर्षांनी. बाकीच्या पोरींना दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. थोरलीचे गुडघे मात्र आताच उठता-बसता आवाज करत होते. तिला ठाऊक होतं, हीच तिची शेवटची.

दुसऱ्या सामन्यात एक चेंडू टप्पा पडून उसळला आणि माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकावर येऊन आदळला. आत काहीतरी कट्कन वाजलं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. थोरलीनं नुसता श्वास आत ओढला आणि ओरडली, "छान टाकलास! तसाच टाक!"

त्या दिवसापासून ती मला कुणासमोर काढेना. पाण्याच्या सुट्टीतही नाही, आणि एरवी उजवा हात टॉवेलखाली लपवायची. "हात गार पडलेत," म्हणायची, आणि ऊन असं की अंपायर टोपीवर टोपी घालून उभा. बोट इतकं सुजलं की त्या एका बोटातली चिंधी तिला काढून टाकावी लागली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच घट्ट बसले, पण त्याचं सुख कसलं!

ती चिंधी धाकटीला, संघ उतरला होता त्या वसतिगृहाच्या बेसिनपाशी सापडली. धाकटी बस चालवायची, तिची नजर आरशातून मागचंही टिपणारी.

"जाऊबाई, चिंधी का काढलीत?"

"गरम होतं."

"एकाच बोटाला गरम होतं? दाखवा बरं हात."

"तू स्लिपमध्ये असतेस ना? मग तिथलं बघ."

"मोडलंय ना? वन्संना सांगते मी. आणखी एक फटका बसला तर कात्री कशी धरणार आहात?"

थोरली हसली. ते हसू मला आवडलं नाही. "सांग की. माझ्यानंतर कीपिंग कुणाला येतं? तुला. सगळ्या म्हणतील, जावेनं जावेचा बरोबर काटा काढला. जन्मभर ऐकशील."

कशी सांगणार बिचारी? खरं बोलली तरी ते मतलबाचंच दिसणार. तिनं दुसऱ्या दिवसापासून एवढंच केलं, थोरलीच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायला लागली. थोरली पाय पुढे करायची आणि दुसरीकडे बघायची.

शेवटचा सामना जो जिंकेल तो वर जाणार होता. समोरच्यांना थोड्याच धावा हव्या होत्या आणि त्यांचे गडीही थोडेच उरले होते. सीमारेषेवरून फेक आली आणि नेमकी त्याच बोटावर बसली. थोरलीच्या हातातला जीवच गेला. चेंडू माझ्यातून गळून पडला आणि ती तशीच वाकून राहिली. स्लिपमधून धाकटी चालत आली, पण थोरलीकडे न जाता कप्तानाकडे गेली.

"वन्सं, यांचं बोट मोडलंय. दुसऱ्या सामन्यातच. ग्लोव्हज काढायला लावा."

कप्तानानं वळून विचारलं, "वहिनी, खरं?"

"खोटं. हिला ग्लोव्हज हवेत, दुसरं काय!"

"मग काढून दाखव."

थोरलीनं मला ओढलं. मी सुटेना. पुन्हा ओढलं. मी तरी काय करू? आत सूज होती, मी तिच्या मांसाला चिकटले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळ्यांना कळलं. संघाबरोबर आलेली नर्स धावत आली आणि तिनं कात्रीनं माझी तर्जनी उभी चिरली. आतलं बोट जांभळं, नखापासून वाकडं. कप्तानानं मला उचललं आणि धाकटीपुढे धरलं.

धाकटीचा हात माझ्या आत आला तेव्हा बर्फासारखा होता. ज्याला काही हवं असतं त्याचा हात तसा नसतो, एवढं मला कळतं. चिरलेल्या बोटावर नर्सनं पट्टी गुंडाळली आणि खेळ सुरू झाला.

शेवटची ओव्हर. चेंडू बॅटला चुकला, माझ्याही खालून गेला आणि थेट सीमारेषेपार. चार बाय. सामना संपला. समोरच्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. आमच्यातली एक जण मोठ्यानंच म्हणाली, "थोरल्या असत्या तर अडला असता." कुणी तिला गप्प केलं नाही. कप्तानानंही नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक फटका बसता तर बोट पुन्हा वाकलं नसतं. थोरलीनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर तिनं धाकटीशी बोलणं टाकलं. धाकटी समोर उभी असताना दिराला सांगायची, "तिला म्हणावं, मीठ संपलंय." दीर बिचारा धाकटीकडे वळून म्हणायचा, "मीठ संपलंय." मी पॅसेजमधल्या खिळ्यावर लटकले होते. येता-जाता दोघी मला खांदा लागू नये म्हणून अंग चोरायच्या. प्लास्टर निघालं, थोरली पुन्हा कामाला जायला लागली, तरी घरातली ती तऱ्हा बदलली नाही.

मला तोंड असतं तर केव्हाच सांगून टाकलं असतं. थोरले, तुझ्या जावेला मी नको होते. तिचा हात मी आतून पाहिलाय. माझं म्हणणं त्या घरात कुणी पोचवेल तर फार उपकार होतील.

काल कप्तान नव्या शिबिराची तारीख घेऊन आली. "कीपर कोण?" तिनं विचारलं. थोरली बटाटे सोलत होती, धाकटी भांडी पुसत होती. कप्तान वाट बघून निघून गेली.

बऱ्याच वेळानं थोरली मान वर न करता म्हणाली, "तो चेंडू वळला होता, की खाली राहिला?"

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं. "खाली राहिला, जाऊबाई. अगदी जमिनीलगत."

थोरलीनं आणखी एक बटाटा घेतला. निम्मा सोलून झाल्यावर म्हणाली, "मग माझ्याकडूनही सुटला असता."

एवढंच. मी अजून खिळ्यावरच आहे, चिरलेलं बोट तसंच उघडं. पण आज सकाळी धाकटी पॅसेजमधून गेली ती अंग चोरून नाही. तिचा खांदा मला लागला.